कुर्डुवाडी जंक्शन आणि आमचे मामा

बार्शीहून पुण्याला परतताना कुर्डुवाडीला गाडी बदलायची असली आणि सोबत मामा असले, की मी आदल्या रात्रीच देवाकडे पुढची गाडी वेळेवर मागतो. मामा म्हणजे माझे सासरे, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. गाडी लेट म्हटल्यावर अख्ख्या फलाटाची तोंडं उतरतात आणि मामांचा चेहरा खुलतो.

"जावईबापू, हे ठेसन पहिलं बार्शी रोड होतं." इथून पुढे सुटका नाही. मोठी लाईन बार्शीला बगल देऊन गेली, त्यामुळे तिथला कापूस इथवर बैलगाडीनं यायचा. मग कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. अडीच फूट म्हणजे किती, हे दाखवायला मामा दोन्ही हात फैलावतात आणि शेजारच्या बाईंचा चहा त्या मापात येतो. बाईंची माफी मागणं हे जावयाचं काम.

१९०६ला मामा पंढरपुरात पोचतात, १९११ला लातुरात, १९२७ला मिरजेत. आम्ही आपले त्याच बाकावर, ज्वारीचं पोतं, शेंगांची पिशवी आणि कडक भाकरीच्या गठ्ठ्यासकट.

या कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. (हे खरं आहे, मी चोरून तपासलं.) "ते त्याला आपल्याच गाडीत सुचलं असेल," असं मी एकदा बोलून गेलो. मामा चिडले. "आमच्या गाडीतनं उतरायला पॅराशूट कशाला? चालत्या गाडीतनं उतरायचं, बाभळीमागं जाऊन यायचं, परत चढायचं. गाडी काय पळून जात न्हाई!" यात गाडीचा अपमान आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

येणारे-जाणारे चौकशीच्या खिडकीकडे जाता जाता मामांकडे वळतात. माणूस रेल्वेचा दिसतो ना! "काका, लातूरची गाडी किती वाजता?" असं एकानं विचारलं, तर मामा म्हणाले, "कुठल्या गेजची?" छोटे रूळ निघून किती वर्षं झाली, पण मामांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच गेली. त्याचं श्रेयही ते कॅलथ्रॉपलाच देतात.

एवढ्यात आपली गाडी पलीकडच्या फलाटावर येणार, अशी घोषणा होते. जिना समोर उभा. कॅलथ्रॉपनं दर आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असं गणित बांधलं होतं. इंजिन असो नाहीतर वाघिणी, सगळ्यांना एकच नियम. मामा हेच तत्त्व सामानाला लावतात. भार सारखा वाटला पाहिजे म्हणत पोतं माझ्या डाव्या खांद्यावर, शेंगा उजव्या, भाकऱ्या गळ्यात. छत्री तेवढी स्वतःकडे. बायको पुढे जाऊन जागा धरते, म्हणजे या दोन्ही प्रकारांतून सुटते.

परवा धापा टाकत डब्यात टेकलो. समोर कानात हेडफोन घातलेला पोरगा. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात त्यानं हेडफोन काढले, खिडकीतून डोकावला आणि विचारलं, "काका, हे कुठलं स्टेशन?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. पण मामांनी चपला काढल्या होत्या आणि सीटवर मांडीही घातली होती.