कोलंबसाची सुट्टी आणि पम्याचं पार्किंग

ऑक्टोबर उजाडला की पम्याच्या जावयाला न्यू जर्सीत कोलंबसाची सुट्टी मिळते आणि ती भोगायची आम्ही.

"आता म्हणे कोलंबस डे म्हणायचं नाही, मूलनिवासी दिन म्हणायचं," पम्या कट्ट्यावर टेकता टेकताच सुरू झाला. "पाचशे वर्षांनी उकरून काय मिळणार? आणि ती माणसं मेली देवीच्या साथीनं. जंतूंना काय पासपोर्ट लागतो?"

जंतूंचं वाक्य सकाळच्या फॉरवर्डमधलं. आम्हा सगळ्यांनाच आलं होतं.

नंदू वड्यातली मिरची निवडून बाजूला काढत होता. "कोलंबसाच्या हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती-डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, देवी कधी पोचली?"

"तेव्हाच. कोलंबसाबरोबर."

"१५१८ संपता संपता. त्याच्या चार वर्षं आधी, १५१४ मध्ये, स्पॅनिशांनीच तिथले मूळ रहिवासी, ताईनो, मोजले होते, मजुरीला आपापसांत वाटून घ्यायला. आधी लाखोंनी होते म्हणतात, भरले जेमतेम २६ हजार. देवी यायच्या आधी. बाकीचे कशानं गेले, पित्तानं?"

"कशानं?" सुधानं विचारलं.

"सोन्यानं. सोन्याच्या मुलखातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरून सोन्याची भुकटी द्यायची. नद्यांत तेवढं सोनं होतं कुठे? लोक डोंगरात पळाले, शेतं ओस पडली, उपासमार झाली. मग साथ आली ती अशा खंगलेल्या माणसांत."

"पण म्हणे आधी रीतसर वाचून दाखवायचे," पम्या हटेना.

"दाखवायचे की! १५१३ चा जाहीरनामाच होता. पोपनं हा मुलूख आमच्या राजाला दिलाय, शरण या. नाही आलात तर बायकापोरांना गुलाम करू आणि जे काही होईल त्याला जबाबदार तुम्हीच. वाचायचा स्पॅनिशमध्ये. कधी कधी रिकाम्या झोपड्यांना आणि झाडांना."

"म्हणजे आपल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा," मी म्हणालो.

पम्या उसळला. "कोपऱ्यातलं पार्किंग मला ठरावानं मिळालंय!"

"इंग्रजी ठराव, साडेचार पानं, अण्णा पेंगत असताना."

"पेंगत नव्हतो मी," अण्णा म्हणाले. "हात वर केला होता."

"पंखा कमी करा म्हणून केला होतात. यानं अनुमोदन लिहून घेतलं."

सुधाला ठसका लागला. पाच मिनिटं पार्किंगच चाललं. दोन स्कूटर आडव्या मावतात की नाही हे अण्णांनी पावलं टाकून मोजूनही दाखवलं. सगळे दमल्यावर पम्याला पुन्हा कोलंबस आठवला.

"काही म्हणा, संपलेच ना बिचारे? भाषासुद्धा गेली."

"शेजारच्या पोर्तो रिको बेटावर आजही स्वतःला ताईनो म्हणवणारे लोक आहेत," नंदू म्हणाला. " आणि भाषेचं म्हणतोस तर तुझ्या हातात काय आहे?"

"बटाटावडा."

"त्यातला बटाटा त्यांचा. ताईनो रताळ्याला बटाटा म्हणायचे. स्पॅनिशांनी शब्द उचलला, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणून टाकला."

पम्या बराच वेळ वड्याकडे बघत राहिला. "म्हणजे हा रताळेवडा?"

"मग मला चालेल," अण्णा म्हणाले. "चतुर्थी आहे आज." आणि नंदूच्या ताटलीतला शेवटचा वडा उचलला.