बिअर कुठल्या रकान्यात बसते?

माझ्याकडे ब्रुअरी नाही. टाकी नाही, बॉयलर नाही, जवाची एक गोणसुद्धा नाही. आहे ती वहीत लिहिलेली एक पाककृती आणि बाटलीसाठी सुचलेलं एक नाव. बिअर करायची दुसऱ्याने, त्याच्या टाकीत, त्याच्या परवान्यावर. याला कॉन्ट्रॅक्ट ब्रुइंग म्हणतात. मी घरी सांगताना दळण म्हणालो. धान्य आपलं, जातं त्याचं. गिरणीवाल्याकडे परवाना आहे, मग डबा घेऊन जाणाऱ्याला कागद कशाला?

हे ऐकून माझा सीए इतका हसला की त्याने चहा खाली ठेवला. शाळेपासूनचा मित्र आहे, म्हणून फी लावून हसला नाही एवढंच.

बिअर बनवायचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो, त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. १९४९ चा, आधी तो 'मुंबई दारूबंदी' होता. ब्रुअरीशी केलेला करार, माझं लेबल, सगळं त्याच छत्राखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. आईने फायलीवरचं नाव वाचलं आणि तिच्या जिवात जीव आला. "बंदीचं काम आहे होय! मला मेलीला भलतंच वाटलं."

मग एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी केंद्रीय संस्था. तिथे बिअर हे अन्न आहे. मद्यासाठी २०१८ मध्ये वेगळी मानकं निघाली, १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. मला बरं वाटलं. अन्न म्हटलं की कसं घरच्यासारखं वाटतं.

हा आनंद जीएसटीपर्यंत टिकला. बिअरवर जीएसटी नाही, ती राज्यांच्या ताटात. पण ती दुसऱ्याकडून करून घेतल्याची मजुरी? तिच्यावर आहे.

"अन्नाच्या मजुरीला पाच टक्के ना?" मी सीएला म्हणालो. "आपली बिअर अन्न आहे. परवाना दाखवू का?"

"सप्टेंबर २०२१, लखनौ. जीएसटी परिषदेत ठरलं, मद्य म्हणजे अन्न नव्हे. अठरा भर."

"आणि भरलेला हा कर पुढच्या करातून वळता करून घ्यायचा?"

"कशातून? बिअरवर जीएसटीच नाही."

ट्रेडमार्कवाल्यांचं तिसरंच. व्हिस्की, रम, वाईन वर्ग ३३ मध्ये. बिअर मात्र ३२ मध्ये, मिनरल वॉटर, सोडा आणि फळांच्या रसांच्या मांडीला मांडी लावून.

लेबलाचा किस्सा सांगायलाच हवा. एका कचेरीत माझा नमुना टेबलावर आडवा घातला गेला. मी मांजराच्या चित्रावर तीन हजार खर्च केले होते. साहेबांनी मांजराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खणातून शाळकरी प्लॅस्टिकची पट्टी काढली, तिच्यावर कोणाच्या तरी मुलीचं नाव आणि इयत्ता होती, आणि वैधानिक इशाऱ्याची अक्षरं मोजायला घेतली.

"बारीक आहेत."

"साहेब, पिणारा वाचत नाही हो."

"प्यायच्या आधी वाचेल की."

यावर काय बोलणार? मांजर कापलं, इशारा वाढवला. आता लेबलावर फक्त शेपूट आहे. गोव्यात विकायची तर हे सगळं तिथे पहिल्यापासून, कारण मद्य हा ज्या त्या राज्याचा विषय.

शेवटी सीएनेच आठवण केली की महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो, मग बिअर स्वतःची का असेना. आजन्म परवाना, एक हजार रुपये. अख्ख्या प्रकरणात एका फेरीत हातात पडलेला कागद तेवढाच.

परवा शेजारच्या काकू आईला विचारत होत्या, मुलगा हल्ली करतो काय. आईने माझ्या फायली चाळलेल्या होत्या. दारूबंदी सांगावी तर मुलगा समाजसेवक वाटणार, अन्न म्हणावं तर खानावळ. तिने ट्रेडमार्कचा कागद निवडला.

"सरबतं वगैरे," ती म्हणाली. "मिनरल वॉटरच्या वर्गातलं काहीतरी."

काकूंनी मुंजीसाठी पन्नास बाटल्या सांगितल्या आहेत. कोकम असेल तर बरं, म्हणाल्या.