टॅप नाय चालत, ताई

रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय फोर्टात आहे. यूपीआय चालवणारी एनपीसीआय वांद्रे-कुर्ला संकुलात. देशातलं पहिलं एटीएमसुद्धा १९८७ साली मुंबईतच बसलं. म्हणजे अख्ख्या देशाने पैसे कसे द्यायचे-घ्यायचे हे जिथे ठरतं, त्या शहरात मी जन्मापासून राहते. तरीही दादरमध्ये पावशेर रवा घेताना पैसे कुठल्या रूपात द्यायचे, हे मला दुकानाची पायरी चढल्याशिवाय कळत नाही. कारण इथे प्रत्येक गल्ल्याचं स्वतंत्र पतधोरण आहे. रिझर्व्ह बँक आपलं पतधोरण दोन महिन्यांनी जाहीर करते. आमचे वाणीशेठ दिवसातून तीनदा करतात, आणि पत्रकार परिषदही घेत नाहीत.

सकाळी भवानी व्हायची असते, तेव्हा रोकडा. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायची रीत आहे. स्क्रीनवरचा हिरवा टिकमार्क कपाळाला कसा लावणार? दुपारी शेठ जेवायला घरी जातात आणि फोन सोबत नेतात, त्यामुळे गल्ल्यावरचा पोऱ्या म्हणतो, "मेसेज शेठच्या फोनवर येतो, कॅश द्या." संध्याकाळी स्कॅन चालतं, पण पन्नासच्या वर. रात्री नऊनंतर "हिशेब बंद झाला" म्हणून पुन्हा रोकडा. बरं, रोकडा दिला तर शेठ आपल्याकडे असे बघतात की जणू आपण पाचशेची नोट रात्री घरी छापली. "सुट्टे नायत, ताई. स्कॅन करा ना!"

या सगळ्याची तयारी म्हणून माझी पर्स आता पर्स राहिलेली नाही. तिच्यात रेल्वेचा पास आहे, बसचं कार्ड आहे, आणि २०१९ साली 'एक देश, एक कार्ड' म्हणून जे आलं तेही आहे. ते एक कार्ड आल्यापासून माझ्याकडची कार्डं एकने वाढली. शिवाय नाण्यांचा बटवा, फोन, फोन मरेल म्हणून पॉवर बँक आणि पॉवर बँक मरेल म्हणून ब्लाउजच्या आत शंभराची घडी. ही शेवटची सोय माझ्या आईचीही होती. तिच्या काळात ती चोरांसाठी होती, माझ्या काळात सर्व्हरसाठी.

पण माझं खरं दुखणं टॅपचं आहे. बँकेने मला ते चार वाकड्या लहरींचं चिन्ह असलेलं कार्ड दिलं. मशीनजवळ नुसतं न्यायचं, घालायचं नाही, ओढायचं नाही. पाच हजारांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही. आधी ही मर्यादा दोन हजारांची होती, १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांची झाली. करोनाचे दिवस होते आणि कोणीच कशाला हात लावायला तयार नव्हतं. माझ्या शेजारणीने तर हे ऐकून कार्ड पोळ्यांच्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं. लोकलमध्ये कोणी मशीन घेऊन जवळ आलं आणि पैसे काढले तर? मी तिला समजावलं की कार्ड मशीनपासून चारेक सेंटिमीटरवर असावं लागतं. त्यावर ती म्हणाली, "अगं, आपल्या विरार फास्टमध्ये चार सेंटिमीटर लांब कोण असतं?" मुद्दा बिनतोड होता. माझं एवढंच म्हणणं की त्या गर्दीत पिशवीतून मशीन काढून वर रक्कम टाइप करण्याइतका हात जो मोकळा करू शकेल, त्याला पैसे मिळायलाच हवेत.

चोरांची भीती सोडाच, साव दुकानदारही माझ्या कार्डातून टॅपने पैसे घेत नाहीत. कपड्यांच्या दुकानात मी कार्ड मशीनवर धरायला हात पुढे करते, तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा ते माझ्या हातातून अलगद काढून घेतो, मशीनच्या खालच्या फटीत घालतो आणि मशीन माझ्याकडे फिरवून म्हणतो, "पिन मारा." मी म्हणते, "अरे, टॅप होतं हे." तो म्हणतो, "टॅप नाय चालत, ताई." मशीनवर त्याच चार लहरी छापलेल्या असतात. मी बोट दाखवते. तो माझ्या बोटाकडे बघतो, लहरींकडे बघतो आणि म्हणतो, "ते कंपनीकडूनच छापून येतं." यावर काय बोलणार?

हॉटेलात तर आणखी एक अंक असतो. वेटर मशीन घेऊन येतो, मशीन गोल गोल फिरणारं चक्र दाखवतं, आणि मग वेटर मशीन, मी आणि माझं कार्ड अशी वरात रेंज शोधत दाराकडे निघते. दारात नाही मिळाली तर फुटपाथवर. एकदा आम्ही असे गोखले रोडवर उभे असताना बसस्टॉपवरच्या एका आजोबांनी मला विचारलं, "काही तक्रार आहे का? चेक करताहेत का?" बिन-स्पर्शाच्या या व्यवहारात मला वेटर, त्याचा मॅनेजर आणि रस्त्यावरून जाणारे किमान पाच जण स्पर्श करून गेले.

आता दुकानदाराच्या बाजूने बोलते, कारण त्याची बाजू माझ्या बाजूपेक्षा भक्कम आहे. शेठना मी एकदा दुपारच्या निवांत वेळी विचारलं, की तुम्ही मशीन का नाही ठेवत. शेठ कच्छी, हिशेब त्यांच्या जिभेवर असतो. म्हणाले, "ताई, मशीनचं भाडं महिन्याला. वर क्रेडिट कार्ड घासलं की दीड-दोन टक्के कापतात. दुधाच्या पिशवीवर मला काय सुटतं, तुम्हीच सांगा." मी गप्प. "आणि हा कागद," असं म्हणून त्यांनी काचेवर चिकटवलेला क्यूआर दाखवला, "फुकट." खरंच आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क सरकारने शून्य केलं. एका बाजूला वीज, भाडं, रोल आणि टक्केवारी मागणारं मशीन, दुसऱ्या बाजूला छापील कागदाचा चौकोन. ज्याच्या घराण्याने तीन पिढ्या रद्दीच्या पुड्या बांधून पैसे वाचवले, तो कागदच निवडणार. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात पहिल्यांदा एका महिन्यात हजार कोटींच्या वर यूपीआय व्यवहार झाले, त्यात या कागदाचाही हात आहे. परदेशात लोक कार्ड आणि घड्याळं मशीनला लावत फिरतात, आपण फोनचा कॅमेरा उघडून कागदाचा फोटो काढल्यासारखं करत पैसे देतो. यात मागासलेलं काही नाही. फक्त माझ्या कार्डावरच्या लहरी वाया जातात.

पण शेठच्या मनात दुसरीही एक गोष्ट होती, ती त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. २०२५ च्या जुलैत बंगळुरूमध्ये छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. तिथे काहींनी क्यूआर काढून 'ओन्ली कॅश'च्या पाट्या लावल्या. ही बातमी व्हॉट्सअॅपवरून दादरला पोहोचेपर्यंत तिचं स्वरूप 'स्कॅन केलं की जेल' इतकं झालं होतं. मालाच्या धंद्याला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "हळू बोला." तेव्हापासून त्यांचा क्यूआर काचेवर आहे, पण त्याच्यासमोर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आली आहे. मागितला तर दिसतो.

याउलट आमची कोळीण मावशी. तिच्या टोपलीच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीत क्यूआर, दोऱ्याने बांधलेला, माशाचं पाणी लागू नये म्हणून. शेजारी बोलणारा डबा. तिला ना किमान रकमेची अट, ना वेळेची. भवानीच्या वेळीसुद्धा चालतं. डबा बोलला की ती डब्याला हात लावते आणि तो हात कपाळाला. प्रश्न सुटला. शेठनी हे धर्मसंकट वर्षानुवर्षं सांभाळलं, मावशीने एका सकाळी मिटवलं. "ताई, ओला हात, नोट भिजते. आन् सुट्ट्यांच्या भानगडीत माझी पापलेटं सुकतात," एवढंच तिचं अर्थशास्त्र.

त्या बोलणाऱ्या डब्याबद्दल मात्र मला एक तक्रार आहे. खोटे स्क्रीनशॉट दाखवून लोक फुकट माल नेऊ लागले, म्हणून तो डबा आला, हे मान्य. पण त्याचा आवाज अख्ख्या बाजारासाठी लावलेला असतो. नोट मुठीत जायची आणि मुठीत राहायची. आता मी सुरमई घेतली की डबा गर्जतो, "एक हजार दोनशे रुपये प्राप्त झाले," आणि भाजीच्या गाळ्यावर उभ्या असलेल्या माझ्या नणंदेला कळतं की तिला काल "घरात काही नाही गं" सांगणारी वहिनी आज काय शिजवतेय. आमच्या नाक्यावरच्या वाइन शॉपचा डबा तर रात्री आठनंतर सोसायटीच्या पुरुषवर्गाची हजेरी घेतो.

टॅक्सीचं आणखी वेगळं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये. हा वरचा एक रुपया ज्याने लावला, त्याने बहुधा कधी टॅक्सीवाल्याकडे सुट्टे मागितले नसावेत. या एका रुपयासाठी तरी स्कॅन हवं, असं मला वाटतं. टॅक्सीवाल्याला वाटत नाही. "मॅडम, कॅश दे दो ना, सेठ को रोज का देना पडता है." मी म्हणते, कॅश नाही. मग तो डॅशबोर्डखालून एक नंबर लिहिलेला कागद काढतो. तो नंबर जौनपूरच्या पुतण्याचा. मी पैसे पाठवते. तो पुतण्याला फोन लावतो. पुतण्या शेतात. त्याची आई फोन उचलते. प्लाझा सिनेमाजवळ मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना माझ्या एकतीस रुपयांची खातरजमा उत्तर प्रदेशातल्या एका अंगणात चालू असते. शेवटी, "आ गया मॅडम, भाभी बोल रही है." मी भाभींना नमस्कार सांगून उतरते.

आणि ज्यांच्याकडे खरोखर पैसे आहेत, ते काय घेतात? आमचे डॉक्टर फी फक्त रोख घेतात. रिसेप्शनवरच्या मुलीला क्यूआरचं विचारलं की ती म्हणते, "सरांचं सेटअप चालू आहे." करोनापासून चालू आहे. माझ्या भाचीच्या क्लासचे सर रोख. लग्नाच्या साड्यांच्या दुकानात कार्ड चालतं, पण वर "दोन टक्के लागतील" हे इतक्या प्रेमाने सांगतात की आहेर वाटावा. शहाळीवाला, शेंगदाणेवाला, गजरेवाली, सगळे स्कॅनवर. मजले चढत गेलं की रोकडा सुरू. आमची हाउसिंग सोसायटी या सगळ्यांच्या पलीकडची: मेंटेनन्स फक्त चेकने, जिन्याखालच्या पेटीत, मागे फ्लॅट नंबर लिहून. खजिनदार काकांना क्यूआरबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "वार्षिक सभेत विषय ठेवा." ठेवला. तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. मिनिट्समध्ये तसं सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे.

सगळ्यात आधुनिक निघाली गणपतीच्या वर्गणीची पोरं. पावती पुस्तकाच्या मागे क्यूआर, हातात फोन, चेहऱ्यावर आरतीपूर्वीचा भाव. "सुट्टे नाहीत रे" या वाक्याने मुंबईच्या मध्यमवर्गाला पिढ्यान्‌पिढ्या वाचवलं होतं. ते वाक्य त्यांनी एका स्टिकरने मारलं. "काकू, सुट्ट्यांची गरजच नाही. रक्कम तुम्ही टाका. पाचशे एक."

तर परवा शेठच्या मुलाने दुकानात नवा डबा आणला. तो बोलतो, स्कॅन घेतो, आणि वर टॅपही घेतो. मी दुकानात शिरले तेव्हा मुलगा क्लासला गेलेला, शेठ एकटे, मागे चांगली रांग. माझा माल एकशे चाळीसचा झाला. "टॅप चालेल?" मी विचारलं. शेठ म्हणाले, "मुलगा बोलला चालतो." मी कार्ड डब्यावर धरलं. डबा 'टुँ' करून थांबला. बोलला काहीच नाही. माझ्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज आला, शेठच्या फोनवर आल्याचा नाही. शेठनी डबा हलवला, कानाला लावला, मुलाला फोन केला, त्याने उचलला नाही. मागून "अहो, लवकर" सुरू झालं.

शेठनी एकवार माझ्याकडे पाहिलं, गल्ल्याखालून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली, पान उलटलं आणि पेन्सिलीने लिहिलं: 'ताई, दुसरा माळा, १४०, टॅप, बघायचं.' वही मिटत म्हणाले, "जा तुम्ही, मुलगा आला की बघतो. नसले आले तर उद्या द्या, नायतर परवा."

माझ्या मागच्या गृहस्थांनी स्कॅनसाठी उघडलेला फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "शेठ, माझंपण लिहा."