ट्रॉलीवरच्या फोडांबद्दल: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमचा पाण्याचा रंग (टर्पेंटाइनऐवजी पाण्यात पातळ करायचा) नुसता नावाला आहे. ट्रॅक्टरच्या नव्या ट्रॉलीवर महिनाभरात फोड आले, त्याखाली गंज निघाला, रंगात दाणे झाले, वासही आला आणि ऑइल पेंटपेक्षा पैसे जास्त गेले. फोटो टाकलेत ते बरं केलंत.

फोटो मोठा करून बघा. फोड सगळे फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या पत्र्याच्या, बाहेरच्या, उन्हाकडच्या अंगाला आहेत. खाली चासीच्या चॅनलला एकही नाही. बादली तीच, गनही तीच. तुमच्या पेंटरशी फोनवर बोललो, तर भर मे महिन्यात दुपारी, उघड्यावर मारला म्हणाला. परभणीकडच्या उन्हात त्या वेळी पत्र्याला हात लावून दाखवावा कुणी! या रंगात ॲक्रिलिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी बेतानं उडालं तर कण एकमेकांत मुरून सलग थर बनतो. पत्रा तापलेला असला की वर आधी साय धरते आणि खाली कोंडलेलं पाणी वाफ होऊन तिला उचलतं.

ग्लायकॉल, म्हणजे सावकाश उडणारं द्रव्य, वाढवून रंग जास्त वेळ ओला ठेवता येतो, पेंटरलाही सोपं जातं. पण ते ग्लायकॉल शेवटी हवेतच जातं. युरोपच्या २००४ च्या नियमात २५० अंशांपर्यंत उकळणारं सेंद्रिय द्रव्य उत्सर्जनात धरतात. २०१० पासून तिथं एकघटकी परफॉर्मन्स रंगांना (दुसरा घटक न मिसळता वापरायचे, खास कामाचे रंग) पाण्याच्या प्रकारात अशा द्रव्याची लिटरमागे १४० ग्रॅमची मर्यादा आहे, सॉल्व्हंटच्या प्रकारात ५०० ची. आम्ही ५० च्या आत राहतो. तिथं ढिलाई करायची तर मग टर्पेंटाइनचाच रंग विकलेला काय वाईट?

दाणे बोअरच्या पाण्यानं झाले. आपल्याकडचं बोअर किती जड, ते गिझरची कॉइल उघडली की कळतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कणांवरचा विद्युतभार मारतं, मग कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. डब्यावर 'फक्त आरओचं पाणी' असं मराठीत, ठळक छापलंय.

आणि पत्रा डिझेलच्या फडक्यानं पुसला होता. ऑइल पेंट तो तेलकटपणा स्वतःच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून घेतो. पाण्याला ते जमत नाही. फोटोत कडेला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात ना, ते त्याचेच. गंजाची सुरुवातही तिथूनच.

वासाचं म्हणाल तर तो अमोनियाचा, सुकताना उडून जातो. 'बिनवासाचा' असं आम्ही कुठंही लिहिलेलं नाही, दुकानदार बोलला असेल. महाग आहे, हे मात्र कबूल. चांगलं रेझिन आणि गंज रोखणारं झिंक फॉस्फेट स्वस्तात येत नाही.

ट्रॉली आमच्याकडे वाळूजला घेऊन या. एक फाळकं घासून, साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन, सुकवून, प्राइमरसकट आमचा माणूस मारून देईल, माल आमचा. पूर्ण ट्रॉलीची मजुरी देणार नाही, ते आधीच सांगतो. न उघडलेल्या बादल्या परत घेऊ, बोअरचं पाणी घातलेली नाही. फक्त सकाळी आठच्या आत पोचा, नंतर पत्रा तापतो.