'अर्धवट ज्ञानावर लिहू नये' म्हणणाऱ्यांना उत्तर

'एक अभियंता' या नावाने लिहिणारे महोदय,

शून्यावरच्या माझ्या लेखात मी शून्य भागिले शून्य ही 'अनिश्चित संख्या' असं लिहिलं, आणि त्याखाली तुम्ही चार मुद्दे काढलेत. त्यातला पहिला: "शून्य भागिले शून्य ही 'अनिश्चित संख्या' नसतेच, अनिश्चित असतं ते लिमिटचं रूप. अर्धवट ज्ञानावर लिहू नये." (लिमिट म्हणजे, क्ष एखाद्या आकड्याकडे सरकत गेला की उत्तर ज्याच्या जवळ जातं तो आकडा.)

आधी कबुली. 'लीलावती'चं साल मी १११४ टाकलं, ते भास्कराचार्यांचं जन्मसाल. ग्रंथ ११५० चा. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'अर्धवट'. नववीत सरांनी फळ्यावर ५ × ० = ० आणि त्याखाली ७ × ० = ० लिहिलं. मी उठून म्हणालो, "सर, दोन्हीकडे शून्याने भागलं तर पाच बरोबर सात होतील की!" सर म्हणाले, "अर्धवटा, बस खाली." बसलो. पुढे तेवीस वर्षं बारावीच्या पोरांना डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, शिकवून घर चालवलं. तोच प्रश्न दरवर्षी एखादं पोर विचारतंच, आणि मी कुणालाही खाली बसवलेलं नाही. तुम्ही मात्र मला पुन्हा नववीत नेऊन बसवलंत.

लेख दहावीच्या पोरीलाही कळावा म्हणून लिहिला होता. पाच भागिले शून्य किती, तर शून्याने गुणून पाच देणारी संख्याच सापडत नाही. शून्य भागिले शून्य विचारा, कुठलीही चालते. एकीकडे उमेदवारच नाही, दुसरीकडे उभे राहिलेले सगळे निवडून आलेले. आणि लिमिटच हवी असेल तर घ्या: क्ष शून्याकडे जाताना '३क्ष भागिले क्ष' तीनच राहतं, 'क्ष वर्ग भागिले क्ष' शून्याकडे जातं आणि 'क्ष भागिले क्ष वर्ग' हाताबाहेर जातं. वर शून्य, खाली शून्य, निकाल तीन तऱ्हेचे. मग भांडण नेमकं कशावरून?

'लीलावती'त एक कोडं आहे. एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवा, तीनाने गुणा, शून्याने भागा, ६३ येतात. संख्या कोणती? पहिल्याच पायरीला शून्य करून टाकलं की गणित तिथेच मेलं. आचार्यांनी ते शून्य तसंच राखून ठेवलं, शेवटी छेदातल्या शून्याशी काटलं, आणि उरली साडेचार पट. उत्तर १४. लिमिट हा शब्द त्यांच्याकडेही नव्हता. म्हणा त्यांनाही अर्धवट! ब्रह्मगुप्तांनी तर ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं सरळ लिहून ठेवलंय. चुकले, पण लिहिलं. नाव लपवून नाही लिहिलं.

दुसरा मुद्दा, 'साइन क्ष भागिले क्ष'ला लोपितालचा नियम (वरच्या-खालच्याचे डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढायचा) लावणं म्हणजे गोल गोल फिरणं, कारण साइनचा डेरिव्हेटिव्ह काढायलाच ती लिमिट लागते. असेल. परीक्षेत मार्क मिळतात. अनंत ही संख्या नव्हे, हा तिसरा. मी कुठे म्हटलं तसं? (शीर्षकात 'सर्वांत मोठी संख्या' होतं, पण शीर्षक ते शीर्षक.) चौथा शुद्धलेखनाचा, तो सोडून देतो.

ता. क. लेखात 'अनिश्चित संख्या' होतं तिथे 'अनिश्चित रूप' केलंय. कानाला बरं लागतं म्हणून, तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे.