इम्पोर्ट केलं म्हणजे आलं असं नाही

आत्याच्या एकसष्टीचा व्हिडिओ मी करतो, असं फॅमिली ग्रुपवर लिहिलं तेव्हा डोळ्यांपुढे फक्त टाळ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून क्लिपा यायला लागल्या. एकूण ४३. निम्म्या उभ्या, निम्म्या आडव्या. एका वहिनींना बोलता बोलता आठवलं की फोन आडवा धरायचा असतो. त्यामुळे अर्ध्या शुभेच्छा त्यांनी कुशीवर झोपून दिल्यात.

इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सगळ्या एकदम ओढून टाकल्या. पहिलीच क्लिप ४८० पिक्सेल रुंदीची, उभी. माझा पडदा १९२०चा. तो भरायला स्केल ४०० टक्के केलं, तर मामांच्या चेहऱ्याची बर्फी झाली, वड्या पाडलेली. शिवाय डोकं पडद्याबाहेर. मग फिरवायला गेलो, तर अँकर पॉइंट, म्हणजे क्लिप ज्याभोवती फिरते तो बिंदू, कोपऱ्यात राहिलेला, आणि मामा स्वतःभोवती न फिरता घड्याळाच्या लंबकासारखे झुलून पलीकडे निघून गेले. त्यांना पोझिशनचे आकडे टाकून परत आणण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

रात्री दोनला सेव्ह करून झोपलो. सकाळी प्रोजेक्ट उघडलं, तर एकही नातेवाईक नाही! सगळ्यांच्या जागी रंगीत उभे पट्टे. लहानपणी दूरदर्शन सुरू व्हायच्या आधी दिसायचे, तसे. तेव्हा कळलं की इम्पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअर क्लिप घरात घेत नाही, नुसता तिचा पत्ता लिहून ठेवतं. आणि पत्ता होता चुलतभावाच्या पेनड्राइव्हचा, जो सकाळच्या एसटीने नाशिकला निघाला होता. “अरे, सेव्ह केलं होतंस ना?” तो फोनवर म्हणाला. याला काय सांगणार? पत्रिका छापून झाली म्हणून वऱ्हाड आलं असं होत नाही.

क्लिपा परत मिळाल्या, जोडल्या. आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दाखवायची तो आकडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपला टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडे ३०, आणि टीव्हीत रंग आल्यावर २९.९७. (हे ०.०३ ज्याने काढले, त्याला आमच्या ग्रुपमध्ये घ्यायला हवं.) फोन मात्र देशाभिमान न बाळगता ३०ने चित्रण करतात, तेही उजेड कमी झाला की मनाला येईल तसं. माझी टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायची पट्टी, २५ची होती. वैतागून सगळ्या क्लिपा निवडल्या आणि एका फटक्यात सांगून टाकलं, तुम्ही सगळ्या २५च्या. प्रत्येकीचं पहिलं सेकंद पाहिलं. ओठ जुळत होते. रेंडरला लावलं, म्हणजे सगळ्याचा मिळून एक व्हिडिओ बनवायला सांगितलं, आणि आंघोळीला गेलो.

मेख अशी, की त्या हुकमाने चित्र हळू होतं, आवाज नाही. धाकट्या काकांचं भाषण बरोबर एक मिनिटाचं. १८०० फ्रेम. २५ने चालवल्या की होतात ७२ सेकंद.

हॉलमध्ये दिवे मालवलेले. काकांचा आवाज “शतायुषी हो” म्हणून थांबला. पडद्यावरचे काका थांबेनात. हात हलतोय, ओठ हलताहेत, आवाज नाही. पुरते बारा सेकंद. मी केटररच्या टेबलामागे सरकलो.

आत्या मात्र डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, “लहानपणापासून असाच आहे मेला. आवाज बसला तरी थांबायचा नाही.”