टाकी बदला चुटकीसरशी

चाकणच्या एमआयडीसीतली तिसरी पाळी. डॉकला कंटेनर लागलाय, सुपरवायझरच्या डोक्यावर डिस्पॅच बसलाय, आणि नेमका आत्ताच फोर्कलिफ्टचा गॅस संपत आलाय. अजिबात घाबरू नका.

गाडी बाहेर मोकळ्यावर न्यायच्या भानगडीत पडू नका. आत वेल्डिंगवाल्याच्या शेजारी जागा आहे, ती काय वाईट? एलपीजी हवेपेक्षा जड. सुटला तरी वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत केबलच्या चरात नाहीतर डॉकच्या खड्ड्यात जाऊन बसतो. बसू द्या. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्केप्टनचा वास घातलेला असतो, त्यावर देवाच्या फोटोपुढची उदबत्ती हा रामबाण उपाय. हवेत गॅस जेमतेम दोन टक्के झाला की पेट घेतो म्हणतात; पण उदबत्तीला काडी एकदाच तर ओढायची!

जुने ऑपरेटर भारी नखरे करतात. इंजिन चालू ठेवून आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइपातला उरलासुरला गॅस जळून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं, मग चावी काढायची आणि त्यानंतर नळी सोडायची. केवढा हा वेळेचा अपव्यय! तुम्ही सरळ नळी ओढा. फस्सकन पांढरा फवारा येईल. एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तेव्हा उन्हाळ्यात बोटांना तेवढाच गारवा. कातडी पांढरी पडली तर मलम लावा. हातमोजे? आहेत की, स्टोअरच्या कपाटात, कोऱ्या पाकिटात. ४ मार्चला सुरक्षा दिनाचा फोटो असतो ना, त्यासाठी राखून ठेवलेत.

आता नवी टाकी. ती आडवी बसते, आणि तिच्या कडीतलं भोक गाडीवरच्या खुंटीत अडकवायचं असतं. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, वाफेत राहतो. टाकी फिरली तर तो बुडतो, आणि दाब वाढल्यावर वाफेऐवजी पातळ गॅसच बाहेर फेकतो. त्या पातळ गॅसची वाफ साधारण अडीचशे पट जागा व्यापते. पण अंधारात खुंटी शोधत कोण बसणार? पट्टा आवळा, हलली नाही म्हणजे बसली.

नळी टाकीला जोडणारं कपलिंग हाताने आवळायचं असतं, म्हणून तुम्ही पाना घ्या, वर हातोडीचे दोन टोले हाणा. आतली रबरी रिंग चिरली असेल तर टेफ्लॉन टेप आहेच. या देशात टेपने न थांबलेली गळती अजून कुणी कबूल केलेली नाही. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं हे पोरांचे खेळ.

शेवटी रजिस्टर. ते मात्र चोख हवं. आमच्या पाहण्यातल्या एका गोदामात महिन्याच्या एक तारखेलाच सगळे रकाने भरून होतात. गेल्या वर्षी तर तिथं एप्रिलच्या ३१ तारखेलाही ‘गळती तपासली, ठीक’ अशी सही होती.